परक्यांची चटई

विमान येण्याआधी धावपट्टीवरची डुकरं हाकलणं हे पर्यटन खात्याचं काम होतं. तसं कुठल्या कायद्यात लिहिलेलं नव्हतं. पण बाकीच्या खात्यांना आपापली कामं होती आणि पर्यटन खात्याला एकही नव्हतं, म्हणून डुकरं आपसूक त्याच्या गळ्यात पडली. खातं म्हणजे आकेता. संचालक तीच, कारकून तीच आणि शिपाईही तीच. खोबऱ्याच्या गोदामाला टेकून उभी असलेली पत्र्याची खोली ही तिची कचेरी, आणि आपल्याच देशाच्या किनाऱ्याचं रंगीत पोस्टर गुंडाळून केलेली नळी हे तिचं हत्यार. त्या नळीचा डुकरांवर चांगला वचक होता. माणसांवर पोस्टरचा काडीइतका परिणाम झाल्याचं मात्र कुणी पाहिलं नव्हतं.

त्या शनिवारी पर्यटनमंत्री बाउरो तिच्या कचेरीत मागच्या खिडकीतून शिरला. मंत्री नेहमी खिडकीतूनच यायचा. दारातून यायचं तर रस्त्याने यावं लागतं, आणि रस्त्यावर नातेवाईक असतात. या बेटांवर नातेवाइकाने तोंड उघडून एखादी वस्तू मागितली की नाही म्हणता येत नाही. या मागण्याला बुबुती म्हणतात. परक्याला बुबुती करता येत नाही आणि आपल्या माणसाची मोडता येत नाही. देशात कायदे पुष्कळ आहेत, पण झाडून सगळे पाळतात तो हा एवढाच. मंत्री झाल्यापासून बाउरोची घड्याळं गेली, सायकल गेली, आणि शपथविधीच्या दिवशी तर हार गळ्यात असतानाच पायातले बूट गेले. आता तो अनवाणी फिरायचा आणि विटका सदरा घालायचा. आकेता त्याची चुलत बहीण, पण तिने त्याच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, म्हणून तिची खिडकी त्याला सुरक्षित वाटायची.

"आकेता, मेलो मी," चौकटीत अडकलेलं पोट आत ओढत तो म्हणाला. "तपासनीस येतोय. मंगळवारच्या विमानाने."

"कसला तपासनीस?"

"निधीवाल्यांचा. त्याला प्रवासी बघायचाय."

"कुठला प्रवासी?"

"कुठलाही गं बाई! एक. जिवंत. तो त्याला बघणार, चार प्रश्न विचारणार, आणि शुक्रवारी विमानात चढताना डोळ्यांनी पाहणार. दिसला तर पैसे चालू. नाही दिसला तर विमान बंद."

आकेता मटकन खुर्चीत बसली. आठवड्याचं ते विमान चालायचं ते बाहेरच्या एका निधीच्या पैशावर, आणि निधी मिळायचा पर्यटन वाढवण्यासाठी. मंगळवारी ते इथे टेकायचं, पुढची बेटं करून शुक्रवारी परतीच्या वाटेवर पुन्हा टेकायचं. इतक्या वर्षांत त्याने आणलेल्या प्रवाशांचा सरकारी आकडा होता शून्य.

माणसं येत नव्हती असं नाही. येत होती. पण निधीवाल्यांच्या व्याख्येप्रमाणे प्रवासी म्हणजे परदेशी पासपोर्ट असलेला आणि देशात एकही नातेवाईक नसलेला माणूस. आता असा माणूस सकाळी विमानातून उतरायचा, पण संध्याकाळपर्यंत टिकायचा नाही. एक जर्मन दातांचा डॉक्टर आला होता. दुपारी आकेताची तेइतिया आत्या त्याच्या गळ्यात पडून रडली, की हा हुबेहूब माझा वारलेला भाऊ. दिवे लागेपर्यंत डॉक्टरला त्या भावाचं नाव मिळालं, त्याची जागा मिळाली आणि त्याच्या घराचं अर्धवट राहिलेलं छप्परही मिळालं. दुसऱ्या दिवशी तो छपरावर बसून पानं विणत होता. बुबुतीत त्याचा सदरा गेला, बॅटरी गेली, चपला गेल्या. मग त्यालाही रीत कळली आणि त्याने मेव्हण्याची होडी मागून घेतली. जाताना आकेताने नियमाप्रमाणे विचारलं, देशात नातेवाईक आहेत का? डॉक्टर हमसून हमसून रडला आणि नावं सांगू लागला. विमान खोळंबलं, पण नावं संपेनात. त्यामुळे तो काही प्रवासी धरता आला नाही.

मग सरकारने परदेशातून सल्लागार आणला. त्याने सांगितलं, पाहुण्याला अगदी घरच्यासारखं वागवा. सरकारने तसा फतवा काढला, आणि जे आधी हौसेने चाललं होतं ते आता कर्तव्य म्हणून चालू झालं. सल्लागार स्वतः परत गेला तो बाउरोचा साडू होऊन.

"विमान बंद झालं तर?" आकेताने विचारलं. प्रश्न मंत्र्याला नव्हताच.

तिला काय म्हणायचंय ते त्याला ठाऊक होतं, गावालाही ठाऊक होतं. आकेताची एकुलती एक लेक रोतिया नऊ वर्षांपूर्वी त्याच विमानाने न्यूझीलंडला गेली. तिथे ऑकलंडमध्ये ती दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांची सेवा करत होती. दर रविवारी फोनवर म्हणायची, रजा मिळाली की येते. आणि दर मंगळवारी आकेता डुकरं हाकलून झाली की धावपट्टीच्या कडेला उभी राहून विमानाच्या दाराकडे बघायची. मालवाहू जहाज यायचं तेव्हा यायचं, आणि त्यातून माणसं आणायची म्हणजे जिवाशी खेळ. विमान गेलं तर लेक यायची कशी? खरं सांगायचं तर आकेता अख्खं पर्यटन खातं एका प्रवाशासाठी चालवत होती.

रविवारी देवळात पाद्रीबुवांनी एका प्रवाशासाठी प्रार्थना केली. त्यांनी देवाला असंही सुचवलं की शक्यतो जरा तुसडा पाठव, म्हणजे लोकांना त्याचा लळा लागणार नाही. सोमवारी गावाच्या मोठ्या छपराखाली, मानेआबात, सभा भरली. मानेआबात ज्याची त्याची जागा ठरलेली. कुठल्या घराण्याने कुठल्या खांबापाशी बसायचं हे आजोबांच्या आजोबांपासून चालत आलेलं, आणि ज्याला इथे कुणीच नाही त्याच्यासाठी समुद्राकडच्या टोकाला एक चटई. ती परक्यांची चटई नव्यासारखी राहिली होती, कारण तिच्यावर अर्ध्या दिवसाच्या वर कुणी बसतच नसे.

"मंगळवारपासून शुक्रवारपर्यंत," बाउरोने जाहीर केलं, "कुणीही कुणाशी नातं जोडायचं नाही. सरकारचा हुकूम आहे."

म्हाताऱ्यांचा म्होरक्या नाबुआका. त्याला कानाने कमी ऐकू यायचं, पण हुकूम तेवढे नेमके ऐकू यायचे. "म्हणजे माणूस येणार," तो म्हणाला, "त्याला जेवू घालायचं, आणि तू कोण, कुणाचा, हे विचारायचं नाही?"

"नाही, आजोबा."

"मग जेवू तरी का घालायचं?"

"परका आहे म्हणून."

"परक्याला पोटभर जेवू घातलं की तो परका कसा राहील रे? तुला मंत्री कुणी केलं?"

"तुम्हीच केलंत, आजोबा."

"बूट चांगले होते तुझे," नाबुआका म्हणाला. बूट सध्या त्याच्याच पायात होते.

तेइतिया आत्याने हात वर केला. "आणि तो खरंच माझ्या भावासारखा दिसला तर?"

"आत्या, आजवर विमानातून उतरलेला प्रत्येक माणूस तुला भावासारखा दिसलाय. त्यात दोन बायका होत्या."

"एकीच्या मिशा होत्या," आत्या पुटपुटली. पण शेवटी विमानाचा प्रश्न होता. औषधं त्यातूनच यायची, आणि गावातल्या अर्ध्या घरांची पोरं बाहेर होती. नातेबंदी मंजूर झाली.

मंगळवारी विमान उतरलं. आधी तांदळाची पोती उतरली, मग सायकलींचे टायर, मग पेंबर्टन नावाचा तपासनीस. उंच, वाळलेला, उन्हाने आधीच लाल झालेला माणूस. त्याच्या छातीशी कागद लावायची पाटी होती आणि ती तो झोपतानाही सोडत नसावा. त्याच्या मागून एक बाई उतरली. मोठी टोपी, काळा चष्मा, चाकांची भलीमोठी बॅग. हातात परदेशी पासपोर्ट.

"आला!" बाउरो हर्षाने कुजबुजला. "देवाने पाठवला! चांगला तुसडा दिसतोय!"

आकेता त्या बाईची चाल बघत होती. तापलेल्या वाळूवर लहानपणापासून अनवाणी फिरलेली माणसं टाच टेकत नाहीत, चवड्यांवर चालतात. ही बाई बूट घालूनही तशीच चालत होती. मग तिने चष्मा काढला. रोतिया. न सांगता, न कळवता, नऊ वर्षांनी. तिने हात पसरले आणि ओठ 'आई' म्हणायला उघडले.

"वेलकम, मॅडम!" बाउरो एवढ्या मोठ्याने ओरडला की पोत्यांवरची कोंबडी उडाली. तो दोघींच्या मध्ये येऊन उभा राहिला. मागे पेंबर्टनने पेन काढलं होतं.

आकेताने फुलांचा गजरा पुढे केला. नऊ वर्षं ती या दाराकडे बघत आली होती, आणि आता दार उघडलं तर तोंडातून शब्द निघाले ते हे: "देशात आपलं स्वागत आहे, मॅडम. आपलं इथे कुणी नातेवाईक आहे का?"

रोतियाने आईकडे पाहिलं. बाउरोमामाकडे पाहिलं. कुंपणाशी सगळं गाव रांगेत उभं होतं आणि एकजात आभाळाकडे बघत होतं. तेइतिया आत्याने पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. पोर पहिल्यापासून चलाख. तिच्या ध्यानात आलं की इथे काहीतरी सरकारी चाललंय.

"नाही," ती म्हणाली. "माझं इथे कुणी नाही."

हवं होतं तेच उत्तर मिळालं, आणि ते ऐकून आकेताच्या काळजाचं पाणी झालं.

"या बाई थोड्या तुमच्यासारख्या दिसतात," पेंबर्टन तिला म्हणाला.

"न्यूझीलंडकडची पुष्कळ माणसं तशी दिसतात, साहेब," बाउरोने सारवासारव केली. तेवढ्यात आकेताचा म्हातारा कुत्रा लंगडत आला, रोतियाच्या पायावर लोळला आणि रडल्यासारखे आवाज काढू लागला. "आमची कुत्रीसुद्धा फार अगत्यशील आहेत," बाउरो म्हणाला. कुत्रा पेंबर्टनवर गुरगुरला, आणि तोही विषय मिटला.

बुधवारी प्रवाशाला देश दाखवायचा होता. पेंबर्टन मागे, आकेता आणि रोतिया पुढे.

"मॅडम, आपल्या डाव्या हाताला नारळाचं झाड आहे."

"आणि उजव्या?"

"तेही नारळाचंच. हे पुढचं निरफणसाचं. या झाडावरून पूर्वी एक मुलगी पडली होती. नको नको म्हणताना चढली होती."

"अरेरे. मग?"

"हात मोडला." आकेताने समुद्राकडे तोंड फिरवलं. "बरा आहे का आता तो?"

"थंडीत दुखतो," रोतिया म्हणाली. "तिथे थंडी फार असते."

पेंबर्टनने लिहून घेतलं की मार्गदर्शक प्रवाशाच्या प्रकृतीची आस्थेने चौकशी करतात.

पहिल्या दिवशी रोतियाला गंमत वाटली. तिने शाळासोबत्यांना वाकून नमस्कार केला, स्वतःच्या चुलत भावाला विचारलं की मासे पाण्यातच राहतात का, आणि सगळ्या पोरांनी तोंडावर हात धरून हसू दाबलं. पण गुरुवार उजाडेपर्यंत तिचं हसणं आटलं. राहायचं सरकारी अतिथिगृहात, रस्त्यापलीकडे स्वतःचं घर दिसत असताना. पाणी बाटलीतलं. प्रवासी पैसे खर्च करतो की नाही हे पेंबर्टनला बघायचं होतं, म्हणून बाबाई कंदाची खीर लेकीपुढे ठेवून आकेताला हात पुढे करावा लागला. रोतियाने तळहातावर नोटा ठेवल्या आणि आईच्या तोंडाकडे बघायचं टाळलं. त्या नोटा आकेताने घरी नेल्या नाहीत. कचेरीतच पोस्टरच्या नळीत कोंबल्या.

पाण्याच्या टाकीपाशी पेंबर्टन हात धुवायला मागे राहिला, तेवढी दोघींना सवड मिळाली.

"आई, मला तुला काहीतरी सांगायचंय."

"नंतर. साहेब जाऊ दे."

"साहेब उद्या जाणार. आणि मी काय करायचं उद्या?"

"तूही जायचं," आकेता म्हणाली. "तो बघणार आहे तू विमानात चढताना. जाताना दिसला तरच प्रवासी. यंदा एवढं कर, बाळ. विमान टिकलं तर पुढच्या वर्षी चांगली पंधरा दिवस ये. मी तुला खाटेवरून उठू देणार नाही."

"अगं, पण ऐकून तर घे..."

"आणि ही, मॅडम, आमची पाण्याची टाकी," आकेता मोठ्याने म्हणाली. पेंबर्टन हात झटकत येत होता. रोतियाने टाकीकडे बराच वेळ पाहिलं. ती टाकी बांधताना तिने स्वतः रेती वाहिली होती.

गुरुवारी संध्याकाळी मानेआबात मेजवानी. अख्खं डुक्कर, भाजलेला कुपा मासा, निरफणस, ताजी माडी. आपापल्या खांबापाशी घराणी बसली. समुद्राकडच्या टोकाला परक्यांच्या चटईवर पेंबर्टन आणि रोतिया. त्या चटईवर कुणी तीन दिवस टिकलं हे गावाने प्रथमच पाहिलं. नाच झाला, गाणी झाली. आकेता समोरच्या खांबापाशी तेइतिया आत्याशेजारी बसली होती. लेकीचं ताट कुणी वाढलं, तिने काय टाकलं, हे ती एवढ्या लांबून बघत होती. ऑकलंड लांब होतं तेव्हा तिला इतकं लांब वाटलं नव्हतं.

मग पेंबर्टनने पाटी मांडीवर घेतली. "मॅडम, सर्वांसमक्षच विचारतो. स्वागत कसं झालं?"

"फार शिस्तीत," रोतिया म्हणाली.

"जेवण?"

"आईच्या हातचं असतं तसं."

बाउरोला ठसका लागला. नाबुआकाने त्याच्या पाठीत गुद्दा घातला.

"आणि शेवटचा, सर्वात महत्त्वाचा. या देशात पुन्हा याल का?"

आकेताने हातातली वाटी खाली ठेवली. हा प्रश्न तिने मनातल्या मनात नऊ वर्षं विचारला होता.

"नाही," रोतिया म्हणाली.

बाउरोने डोळे मिटले. पेंबर्टनने खेदाने भुवया उंचावल्या. "कारण?"

"जातेय कुठे मी, पुन्हा यायला?" रोतिया म्हणाली. "नोकरी सोडून आलेय मी. त्या बॅगेत माझं सगळं सामान आहे. नऊ वर्षं एका म्हातारीला भरवलं मी, न्हाऊ घातलं. तिची मुलगी वर्षातून दोन दिवस यायची. चकरा मारायची, फोटो काढायची, पुन्हा येते म्हणायची. म्हातारी गेली त्या दिवशीही फोटो काढायलाच आली होती. मी म्हटलं, आपल्याला असं व्हायचं नाही. म्हणून आले. आणि इथे उतरले तर मला नारळाचं झाड दाखवतायत!"

मग ती गुडघ्यांवर आली, मानेआबात मागताना बसतात तशी, आणि आपल्या बोलीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आई, मी तुझ्याकडे बुबुती करतेय. तुझ्या शेजारची जागा मला दे."

खांबाखांबाशी बसलेल्यांच्या माना आकेताकडे वळल्या.

"काय म्हणाल्या त्या?" पेंबर्टनने विचारलं.

"चटई जरा टोचतेय म्हणाल्या," बाउरो कसाबसा बोलला.

बुबुती फक्त आपलं माणूसच करतं. द्यावं तर प्रवासी गेला, खातं गेलं, विमान गेलं. आणि नाही म्हणावं तर ही माझी कुणी नाही असं भर मानेआबात सांगितल्यासारखं होतं. एरवी या रीतीपायी गावातली किती माणसं चडफडली असतील, किती सायकली आणि बूट गेले असतील. त्या संध्याकाळी आकेताला पहिल्यांदाच वाटलं की आपल्या पूर्वजांना अक्कल होती. नाही म्हणायची सोयच त्यांनी ठेवली नव्हती, आणि तिला ती नकोच होती.

"सरक गं आत्या," ती म्हणाली. "माझी पोर येतेय."

रोतिया मधली मोकळी जागा ओलांडून आली आणि आईच्या मांडीवर डोकं टाकून आडवी झाली, एवढी घोडी असून. तेइतिया आत्याने तीन दिवस दाबून धरलेला गळा मोकळा सोडला. मग सगळे उठलेच. मावश्या रडल्या, भावांनी पाठीत धपाटे घातले, आणि रडता रडताच बुबुत्या सुरू झाल्या. टोपी गेली, काळा चष्मा गेला, बूट गेले. आकेता लेकीचा मोडून जुळलेला हात कोपरापासून मनगटापर्यंत चाचपत होती आणि मध्येच डोळे पुसत होती. आता कुठल्या साहेबाच्या बापाला घाबरायचं कारण नव्हतं.

पेंबर्टनला बाउरोने शेवटी सगळं सांगून टाकलं. पेंबर्टन ऐकत राहिला. मग त्याने पाटीवर एक गोल काढला. "फार वाईट वाटतं," तो म्हणाला, आणि त्याला खरंच वाटत असावं. "पण आकडा शून्यच."

रडणं थांबलं. औषधांचं काय, पोरांचं काय, हे आता एकेकाला आठवू लागलं. आकेतालाही आठवलं. समोरच्या खांबापाशी बसलेल्या बाईचा मुलगा जहाजावर होता, पलीकडचीच्या दोन्ही मुली सिडनीला. त्या दोघी आकेताकडे बघत होत्या. त्यांच्या नजरेत राग नव्हता, आणि तेच तिला सोसवेना.

नाबुआका मंत्र्याचे बूट काढून पाय चोळत होता. परक्यांच्या चटईकडे बोट दाखवून तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "तिथे एक बसलाय की अजून."

"मी धरला जात नाही, आजोबा," पेंबर्टन म्हणाला. "मी कामावर आहे."

"काम कधी संपतं तुझं?"

"खरं म्हणजे... आत्ताच संपलं."

"आणि विमान?"

"उद्या दुपारी."

"मग उद्या दुपारपर्यंत तू कोण?"

व्याख्या पेंबर्टनला तोंडपाठ होती. परदेशी पासपोर्ट त्याच्या खिशात होता.

"तुझं इथे कुणी आहे का?" नाबुआकाने विचारलं.

पेंबर्टनने सगळ्या छपराखाली नजर फिरवली. खांबाखांबाशी माणसं एकमेकांना चिकटून बसली होती. कुणाच्या मांडीवर कुणाचं पोर होतं, कुणाच्या खांद्यावर कुणाची मान. लांबलचक चटईवर तो एकटाच होता, आणि त्याचं ताट कुणी दुसऱ्यांदा वाढलं नव्हतं.

"नाही," तो हळूच म्हणाला. "कुणीच नाही." त्याने पेन घेतलं आणि गोल खोडून त्याच्याशेजारी, बराच विचार करून, एकाची उभी रेघ ओढली. बाउरोने आनंदाने किंकाळी फोडली.

रेघ ओढून झाल्यावरही पेंबर्टन पाटीकडे बघत राहिला. मग त्याने घसा खाकरला. "आता झालंच आहे, तर मी जरा तिकडे येऊन बसलो तर चालेल का? तुमच्यात?"

"नाही!" अख्खा मानेआबा एका आवाजात ओरडला. "तिथेच बसा!"

तो पुन्हा खाली टेकला. त्याने मान खाली घातली, आणि कंदिलाचा उजेड त्याच्या तोंडावर बाजूने पडला. आकेताच्या शेजारी तेइतिया आत्या पुढे झुकली. तिचा खालचा ओठ थरथरायला लागला.

"आकेता," ती म्हणाली, "हनुवटी बघ गं त्याची. अगदी आपल्या..."

आकेताने एका हाताने आत्याचं तोंड गच्च दाबलं. दुसरा हात लेकीच्या हातात होता, तो तिने काढला नाही.

"उद्या दुपारी रड," ती आत्याच्या कानात म्हणाली. "विमान उडू दे. बाकीच्यांच्या पोरी अजून यायच्यात."